लोहाऱ्याची नजर

यवतमाळ जिल्ह्याचे नाव काढले की मुंबई-पुण्याच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात : ऊन आणि कापूस. दोन्ही खऱ्या आहेत. वैशाखातले तिथले ऊन डोक्यावर पडत नाही, डोक्यात शिरते; आणि दसरा-दिवाळीनंतर रस्त्याच्या दुतर्फा पांढरी बोंडे अशी फुटलेली असतात की, रात्री शेतात चांदणे विसरून राहिले की काय असे वाटावे. पण या ऊन-कापसाच्या मध्ये तिसरा एक जीव मान खाली घालून उभा असतो आणि त्याच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. तो म्हणजे बैल. हा लेख त्या बैलाविषयी आहे. अधिक नेमके सांगायचे तर बैलाकडे पाहावे कसे, याविषयी आहे.

महाराष्ट्रात लोहारा नावाची गावे बरीच आहेत. धाराशिव जिल्ह्यात तर त्या नावाचा तालुकाच आहे. मी सांगतो आहे ते लोहारा यवतमाळ शहराला खेटून, दारव्ह्याच्या अंगाला वसलेले. मुंबईहून जायचे तर नागपूरच्या गाडीने धामणगावला उतरावे आणि पुढे एस. टी. धरावी. पूर्वी मूर्तिजापूरहून यवतमाळला ‘शकुंतला’ नावाची छोट्या रुळांची आगगाडी येत असे. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन ओढी आणि डिझेलचे इंजिन लागल्यावरही तिची चाल काही फारशी बदलली नाही, असे तिथली मंडळी मोठ्या प्रेमाने सांगतात. आता ती गाडी बंद आहे. तेव्हा एस. टी.ला पर्याय नाही.

लोहाऱ्याचे एक अंग शहराचे आहे. औद्योगिक वसाहत आहे, पाळी बदलताना दुचाक्यांची झुंबड आहे, सदनिकांच्या जाहिराती आहेत. दुसरे अंग अजून शेताचे आहे. त्या बाजूला वळले की तुरीच्या कुटाराचा गोडसर वास येतो आणि कानांवर घुंगरे पडतात. गावात कमलेश्वर महादेवाचे जुने हेमाडपंती देऊळ आहे. महादेव आहे म्हणजे नंदी आलाच. देवाच्या आधी बैलाचे दर्शन घ्यायचे, त्याच्या शिंगांमधून देवाकडे पाहायचे, ही आपली रीत. त्या प्रांतात बैलांच्या शर्यतीलाही देवाचेच नाव आहे – शंकरपट.

माझी मावसबहीण लोहाऱ्याला दिली आहे. “एकदा पटाला ये” असे ती कित्येक वर्षे म्हणत होती, पण मध्यंतरी पटच बंद होते. ते पुन्हा सुरू झाल्यावर गेल्या हिवाळ्यात एकदाचा योग आला. तिच्या घरी तिचे सासरे आहेत. वय अठ्ठ्याहत्तर. ती त्यांना मामाजी म्हणते, मुले दादाजी म्हणतात आणि सारी आळीही दादाजीच म्हणते. दादाजींची ख्याती अशी की, पटावर जोड्या उतरल्या की नुसते एकदा फिरून येतात आणि कोणती जोडी पट मारील ते सांगतात. माझ्या येण्यामागे, खोटे कशाला बोलू, ही विद्या पाहण्याची उत्सुकता अधिक होती.

कारण या विद्येचा एक शहरी नमुना मी लहानपणी जवळून पाहिला होता. गिरगावात आमच्या चाळीत तळमजल्यावर एक गृहस्थ राहत. शनिवार आला की रेसचे पुस्तक आणि लाल पेन्सिल घेऊन ते गॅलरीत बसत. महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ सालचे. त्यावर धावून गेलेल्या घोड्यांच्या कुळ्या त्यांना स्वतःच्या गोत्रापेक्षा अधिक पाठ होत्या. एवढा अभ्यास करून त्यांचा घोडा नेहमी दुसरा येई. पुढे त्यांच्या बायकोच्या हातांतल्या बांगड्या काचेच्या झाल्या, तेव्हा चाळीतल्या बायकांनी त्या पुस्तकाला ‘पोथी’ म्हणायचे सोडून ‘पनवती’ म्हणायला सुरुवात केली. या गृहस्थांनी बहुधा कुठलाच घोडा जवळून पाहिला नव्हता. त्यांनी पाहिले ते सगळे छापलेले.

दादाजींनी छापलेले काहीच पाहिले नव्हते. ते पाहत ते जमिनीकडे.

पहिल्याच सकाळी मी गोठ्यात गेलो. दावणीला घरची जोडी बांधलेली होती, पाखऱ्या आणि बादल. वर्धा-नागपूरकडची गवळाऊ जात. अंग पांढरे, मानेवर आणि वशिंडावर करडी झाक, तोंड लांबट आणि निमुळते, शिंगे आखूड, पाय उंच आणि सडपातळ. मराठ्यांच्या फौजा डोंगराळ मुलखातून झपाट्याने सामान हलवीत, त्यासाठी याच जातीची बैले वापरीत असे सांगतात. आपण बैल म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे येतो तो संथ, सोशिक प्राणी. गवळाऊ मात्र उभा असतानाही निघायच्या बेतात असल्यासारखा दिसतो. मी सरळ पुढे जाऊन पाखऱ्याच्या कपाळाला हात लावला. दादाजी म्हणाले, “पाहुणे, तोंड मंग पाहा. पह्यले मागून पाहा. तोंड सारेच चांगले करतेत.”

हा पहिला धडा. उभा बैल मागून पाहायचा. चारी पायांवर त्याचा भार सारखा आहे का? एखादा पाय तो वारंवार सैल सोडतो का? मग त्याला मऊ धुळीतून चार पावले चालवायचे आणि खुरांचे ठसे पाहायचे. निरोगी, मोकळ्या चालीच्या बैलाचा मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्याही पुढे पडतो. मागे पडला की समजावे, कंबर आखडली आहे, खांदा दुखतो आहे किंवा खुरात काही आहे. दादाजी म्हणाले, “बैल बोलत नाई, पण लिहून ठेवते.”

दुसरा धडा दातांचा. बैलाला पुढचे दात खालच्याच जबड्यात असतात, आठ. दुधाचे पडून पक्के दात जोडी-जोडीने येतात. दोन वर्षांच्या सुमाराला दोनदाती, मग चारदाती, सहादाती; आणि चार-साडेचार वर्षांना आठही दात आले की तोंड जुळले. दोनदाती गोऱ्हा वेगाने पळतो, पण गर्दीला बुजतो. जुळलेला बैल बुजत नाही आणि त्याला पटाची शेवटची रेघ ठाऊक असते. “ल्हान पोराले पेपर लवकर लिहिता येते,” दादाजी म्हणाले, “पन काय लिहाचं थे मोठ्याले समजते.”

तिसरा धडा पोटाचा. बैल बसल्यावर निवांत रवंथ करतो का, शेण कसे पडले, कान ताठ की लोंबते, अंगावर माशी बसली तर तेवढीच कातडी थरथरते की सारे अंग झाडतो, हे सगळे पाहायचे. पटाच्या जोडीला सरकीची ढेप घालतात, गूळ घालतात, हौशी मालक तूप आणि अंडीही घालतात. दादाजींना हा थाट पसंत नाही. पटाच्या आधी दोन दिवस जड खाणे कमी केले पाहिजे असे त्यांचे म्हणणे. “लग्नात जेवून कोनी पळत नाई.”

पण खरा धडा चौथा होता आणि तो मला तिसऱ्या दिवशी मिळाला. मी विचारले, “या दोघांत जलद कोण?” दादाजी म्हणाले, “पाखऱ्या. पन त्याचा काई उपयोग नाई.” का? तर जोडी धावते ती मागच्या बैलाच्या वेगाने. दोघांच्या मानेवर एकच जू असते. एक जण हातभर पुढे गेला की जू तिरके होते, छकडा आडवा ओढला जातो आणि दोघांचीही शक्ती वाया जाते. म्हणून फार मोठ्या किमतीचे दोन बैल आणून जुंपले तरी जोडी होत नाही. पाऊल जुळावे लागते, स्वभाव जुळावा लागतो. डाव्या अंगाला पळणारा बैल उजवीकडे जुंपला तर पहिले काही महिने बावरतो. जलद बैलाने आपला वेग आवरायला शिकावे लागते आणि मंद बैलाने न बुजता ताणून पळायला. “मंग सांगा,” मावसबहीण चुलीपासून म्हणाली, “हे बैलाचं चालू हाय का संसाराचं?” दादाजी नुसते हसले.

रात्री अंगणात शेकोटी करून आळीतली चार माणसे बसत. तव्यावरची ज्वारीची भाकर, वांग्याचे भरीत आणि जवसाची चटणी असे जेवण झालेले असे. पाहुण्यानेही काही सांगावे असा आग्रह झाला, तेव्हा मी विलायतेतल्या अडथळ्यांच्या घोडदौडीची गोष्ट काढली. आपल्याकडे महालक्ष्मीला आणि पुण्याला घोडे धावतात ते सपाटीवर. पण इंग्लंडात आणि आयर्लंडात कुंपणे, चर आणि झुडपांचे बांध ओलांडीत मैलोगणती दौड करायची जुनी चाल आहे. १७५२ साली आयर्लंडात दोघा गृहस्थांनी एका चर्चच्या शिखरापासून दुसऱ्या चर्चच्या शिखरापर्यंत वाटेत येईल ते ओलांडीत घोडे पिटाळले, आणि त्या शिखरांवरूनच या शर्यतीला ‘स्टीपलचेस’ नाव पडले असे सांगतात. यांतली सर्वांत गाजलेली शर्यत म्हणजे लिव्हरपूलजवळची ‘ग्रँड नॅशनल’. १८३९ पासून ती चालत आली आहे. सव्वाचार मैलांहून थोडे अधिक अंतर आणि तीस उड्या. २०२१ साली रेचल ब्लॅकमोर ही ती जिंकणारी पहिली स्त्री स्वार ठरली. हे ऐकून घरातल्या बायका दारापर्यंत पुढे सरकल्या.

तिथले जाणकार विजेता कसा हेरतात, तेही मी सांगितले. घोड्याने मागच्या शर्यतींत काय केले, एवढे अंतर त्याला झेपते का, जमीन ओली आहे की टणक, पाठीवर वजन किती द्यायचे ठरले आहे, स्वार कोण, आणि सर्वांत मुख्य म्हणजे तो उडी कशी घेतो. सपाटीवर वेग पुरतो. अडथळ्यांवर मात्र घोडा आधी उभा राहिला पाहिजे. कितीही जलद असला तरी पडलेला घोडा जिंकत नाही.

“पन कोनी पडलं त दुसऱ्याचं बी इस्कटन ना?” एकाने विचारले. मला तेच हवे होते. मी १९६७ सालची गोष्ट सांगितली. त्या वर्षी तेविसाव्या अडथळ्यापाशी, जो खरे म्हणजे तिथल्या सर्वांत लहान अडथळ्यांपैकी एक, स्वार पडलेला एक मोकळा घोडा एकाएकी आडवा फिरला. मागून आलेले घोडे एकमेकांवर आदळले, कुंपणापाशी अडून राहिले, स्वार उडून पडले. फॉइनेव्हन नावाचा एक घोडा एवढा मागे होता की, तो पोहोचेपर्यंत काय झाले आहे ते त्याच्या स्वाराला पुरते दिसले. फटीतून वाट काढून तो एकटा पलीकडे गेला आणि शर्यत जिंकला. त्याचा भाव होता एकास शंभर. पुढे त्या अडथळ्याला त्याचेच नाव दिले.

शेकोटीभोवती मोठा हशा झाला. माझ्या चाळीतल्या गृहस्थांना ही गोष्ट सांगितली असती, तर त्यांनी पुढच्या शनिवारी सगळ्यांत मागचा घोडा लावला असता. दादाजी मात्र हसले नाहीत. थोडा वेळ विस्तवाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हंजे थो स्वार पाहून पळवत होता. बाकीचे नुसते पळवत होते.”

शंकरपट मध्यंतरी बंद होते असे मी वर म्हटले. त्याची हकीकत थोडक्यात सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचे कळणार नाही. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतल्या जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींनाही मनाई केली. २०१७ साली महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा करून शर्यतींना वाट दिली, पण उच्च न्यायालयाने ती थांबवली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. आता पटाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलांची वैद्यकीय तपासणी होते, अंतराला मर्यादा आहे, आणि काठी, चाबूक, टोचणी यांतले काही चालत नाही. बैलाला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.

मनाई होती त्या वर्षांत अनेकांनी पटाच्या जोड्या मोडल्या. ज्यांना हा खेळ म्हणजे क्रूरपणा वाटतो, त्यांचेही म्हणणे वाऱ्यावर सोडण्यासारखे नाही. शेपट्या पिरगाळणे, चावणे, आर टोचणे हे प्रकार होत होते आणि ते जाणकारांनीच अधिक पाहिले होते. त्या भागात बैल हाकायच्या टोकदार काठीला तुतारी म्हणतात. दादाजींची जुनी तुतारी अजून आढ्याला खोचलेली आहे. मी तिच्याकडे पाहतो आहे हे पाहून ते म्हणाले, “बंदी आली थे साऱ्याच बाजूनं वाईट नाई झालं. तुतारी सुटली. तुतारीनं पळनारा बैल भेवून पळते. भेवून पळनाऱ्याचा काय अंदाज सांगाचा?”

आता घरातली गोष्ट. पाखऱ्या आणि बादल ही त्या घरातली शेवटची जोडी. नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर येतो. बैले उरली ती डवरणीपुरती आणि दादाजींपुरती. माझा भाचा एका कारखान्यात पाळीने कामाला जातो, पण पटाचा मोठा शौकीन. धुरकरी, म्हणजे छकड्यावर बसून जोडी हाकणारा, तोच व्हायचा होता. त्याची धाकटी बहीण परिचारिकेचे शिक्षण घेते आणि तिच्या फीचा हप्ता त्याच महिन्यात भरायचा होता. वर्ध्याकडचे एक पटशौकीन गृहस्थ महिन्यापूर्वी जोडी पाहून गेले होते. त्यांनी शब्द दिला होता की, जोडी पहिल्या तिघांत आली तर बाजारभावाच्या दुप्पट मोजून पटावरूनच घेऊन जाईन. एवढ्या पैशांत फी भागून कापूस घरात ठेवता आला असता. विदर्भातल्या शेतकऱ्याला कापूस घरात ठेवता येणे म्हणजे काय, हे ज्याने भावाची वाट पाहिली आहे त्यालाच कळेल. दादाजी विकायला राजी नव्हते, पण नातीच्या फीपुढे गप्प होते.

पट दारव्ह्याच्या बाजूच्या एका खेड्यात होता. आम्ही दिवस उगवायच्या आत पोहोचलो. पीक निघालेल्या शेतात लांबलचक सरळ पट्टी साफ करून दोन्ही बाजूंना दोर बांधले होते. एकेक जोडी सुटायची आणि घड्याळात वेळ लागायची, तीही सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. चहाच्या टपऱ्या, भज्यांची कढई, फुगेवाले, ऊसाचा रस, ध्वनिक्षेपकावर दात्यांची नावे. आणि या सगळ्याच्या कडेला झुली पांघरून उभ्या असलेल्या तीसेक जोड्या. बैल जुंपलेला नसतो तेव्हा पटावर सगळ्यांत शांत तोच असतो.

दादाजींनी आधी जोड्यांकडे पाहिलेच नाही. ते पट्टीवरून शेवटपर्यंत चालत गेले. पायाने ढेकूळ दाबून पाहिले, मध्ये एका जागी वाकून माती चिमटीत घेतली. सुरुवातीला मुरूम होता आणि शेवटाकडे काळी माती, रात्रीच्या दवाने जराशी ओलसर. “इथं जड बैल रुतन,” ते म्हणाले. “हलक्या पायाचा पाहिजे, आनं शेवटाले जीव उरला पाहिजे.” मग जोड्यांमधून एक फेरी. कुणाच्या बैलाला हात नाही, कुणाशी चर्चा नाही. एके ठिकाणी थांबून त्यांनी धुरकऱ्याच्या हातांकडे पाहिले. कासरा त्याने मुठीत करकचून धरला होता. “पोरगं घाबरलं हाय. बैलाले कळन.” ती जोडी दिसायला सर्वांत देखणी होती आणि गर्दीही तिच्याभोवतीच होती. दादाजींनी ती सोडून दिली. मला पाच जोड्या सांगितल्या. मी त्या वहीत लिहून घेतल्या. सहावी आपली, असे मी मनात धरले होते.

आपली जोडी जुंपायला काढली तेव्हा दहा वाजले असतील. तपासणी झालेली होती आणि तीत काही निघाले नव्हते. भाच्याने बंडी घट्ट बांधली, कपाळाला गुलाल लावला. वर्ध्याचे गृहस्थ दोराशी येऊन उभे राहिले. जोडी गोठणाकडून पट्टीकडे चालू लागली आणि दादाजी नेहमीप्रमाणे मागे राहिले. मीही त्यांच्या शेजारी होतो. दहा-बारा पावले झाली असतील, तेवढ्यात त्यांनी हाक मारली, “थांबव.”

भाचा थांबला. दादाजींनी धुळीकडे बोट दाखवले. पाखऱ्याचे ठसे जसे हवे तसे होते. बादलचा डाव्या अंगाचा मागचा खूर दोन बोटे मागे पडत होता. मी वाकून पाहिले म्हणून मला दिसले. नुसते चालताना पाहिले असते तर बादल ठणठणीत होता.

“आजा, दोन बोटं!” भाचा म्हणाला. “गरम झाला की मोकळा होईन थो.”

“होईन. पळन बी. कदाचित पट बी मारन,” दादाजी म्हणाले. “जोडी सोड.”

त्या क्षणी तिथे जी शांतता झाली ती मी विसरणार नाही. ध्वनिक्षेपकावर आमचा क्रमांक पुकारला जात होता. भाच्याचे तोंड लाल झाले. तो एवढेच म्हणाला, “सोनीची फी?” दादाजींनी उत्तर दिले नाही. त्यांनी स्वतः जुवाची शिवळ काढली आणि बादलची मान मोकळी केली. वर्ध्याचे गृहस्थ जवळ आले, त्यांनीही ठसे पाहिले, मान हलवली आणि “पुढं पाहू” म्हणून नमस्कार करून दुसऱ्या जोडीकडे गेले. व्यवहाराची माणसे अशीच असतात आणि त्यांना दोषही देता येत नाही.

दुपारी निकाल लागले. दादाजींनी सांगितलेल्या पाच जोड्यांपैकी दोन पहिल्या तिघांत आल्या. देखणी जोडी अर्ध्यावरच दोराकडे ओढली गेली. पहिली आलेली जोडी मात्र त्यांच्या यादीत नव्हतीच. एका बारक्या शेतकऱ्याचे ओबडधोबड दिसणारे बैल, ज्यांच्याकडे सकाळी कुणी पाहिलेही नव्हते. मी वही पुढे करून ते दाखवले. दादाजी जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, “जिंकनारा सांगता आला असता, त पट कायले ठेवला असता?” आणि उठून त्या शेतकऱ्याचे बैल मागून पाहायला गेले.

परतीच्या वाटेवर गाडीत कुणी फारसे बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बादलने तो पाय जमिनीला टेकवलाच नाही. खुराच्या बेचक्यात सूज आली होती. गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी खूर साफ करून आतून बाभळीच्या काट्याचे मोडलेले टोक काढले आणि पू निघाला. “या पायावर जोरात पळाला असता तर?” मी विचारले. त्यांनी हाताने छकडा उलटा झाल्याची खूण केली. छकड्यावर कोण बसणार होते, ते सगळ्यांनाच ठाऊक होते. मावसबहीण पदर तोंडाशी धरून आत गेली. भाचा काही बोलला नाही. संध्याकाळी मात्र पाळीवरून आला तो कपडे न बदलता चुलीपाशी गेला, बादलीत मिठाचे ऊन पाणी घेतले आणि बादलचा पाय शेकीत बसला. दादाजी खाटेवरून पाहत होते. त्यांनीही त्याला काही सांगितले नाही.

फीसाठी कापूस त्या आठवड्यातच विकावा लागला. पुढे भाव थोडा चढल्याचे मला बहिणीच्या फोनवरून कळले. म्हणजे त्या दोन बोटांची किंमत घराने रोख मोजली. जोडी अजून दावणीला आहे; डवरणी तिनेच केली.

मुंबईच्या गाडीत बसल्यावर मी त्या विद्येचा विचार करीत होतो. चाळीतल्या गृहस्थांना आणि मलाही वाटत होते की, जाणकाराची परीक्षा एकच : पहिला कोण येणार ते त्याने सांगावे. विलायतेतले जाणकार ढीगभर आकडे मांडतात आणि तरी एखादा फॉइनेव्हन फटीतून निघून जातो. दादाजींच्या पाचांतही पहिला नव्हता. पण तीस जोड्यांत आज कोणी पळू नये, हे त्यांना दिसले. आणि ती जोडी स्वतःची असताना, पैसा समोर उभा असताना दिसले. दुसऱ्याच्या बैलातली खोट शोधणारे पुष्कळ असतात. आपल्या बैलाच्या मागे उभे राहून पाहणे कठीण. कोण जिंकेल ते सांगणे ही अर्धी विद्या म्हणावी, आणि तीही निम्म्या वेळी फसणारी. उरलेली अर्धी मात्र फसत नाही, फक्त ती महाग पडते.

लोहाऱ्याच्या शेतांवर घरे उठत आहेत. जोड्या कमी होतील, मऊ धुळीचे रस्ते डांबराखाली जातील आणि डांबरावर खुराचा ठसा उमटत नाही. तेव्हा ही नजर किती दिवस टिकेल कोण जाणे. माझ्यापुरती एक गोष्ट झाली आहे. हल्ली संध्याकाळी दादरच्या पुलावरून माणसांचा लोंढा उतरत असतो, तेव्हा मी लोकांच्या तोंडांकडे पाहत नाही. तोंड सारेच चांगले करतात. मी मागे उभा राहून त्यांची पावले पाहतो. आणि घरी आल्यावर जिना चढताना आपले माणूस कोणता पाय सांभाळून टाकते आहे, तेही.